देशाटन आणि ग्रंथ : अल-बिरुनी व इब्न बतूता यांचे पुनर्वाचन

मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला मोरोपंतांच्या नावावर सांगितली जाणारी एक आर्या हटकून पाठ असते. माणसाच्या अंगी शहाणपण कशाने येते, याचे मार्ग तीत सांगितले आहेत. देशोदेशी हिंडावे, विद्वानांची मैत्री जोडावी, सभांत वावरावे आणि ग्रंथ वाचावेत. मदरशात शिकलेल्या माणसालाही ही यादी परकी वाटणार नाही. सैर, सोहबत, मजलिस आणि मुताला हे चार शब्द त्याने उस्तादांच्या तोंडून ऐकलेले असतात. आपण मराठी मुसलमान दोन्ही परंपरांचे वारस असल्यामुळे एकच उपदेश आपल्याला दोनदा मिळालेला आहे.

परंतु या चार मार्गांचे आपसात पटले नाही तर काय करायचे, हे ना आर्येत सांगितले आहे ना उस्तादांनी. डोळ्यांनी पाहिले ते एक आणि ग्रंथात लिहिले ते दुसरे, असे झाले तर विश्वास कोणावर ठेवायचा? जो हिंडला पण ज्याने वाचले नाही, आणि ज्याने वाचले पण जो हिंडला नाही, या दोघांपैकी जग कोणाला अधिक कळले? हा प्रश्न मनात ठेवून दोन जुने अरबी ग्रंथ पुन्हा वाचावेत, असा या लेखाचा हेतू आहे. एक अल-बिरुनीचा हिंदुस्थानविषयक ग्रंथ, जो 'किताबुल हिंद' या नावाने ओळखला जातो. आणि दुसरा इब्न बतूताचा 'रिहला', म्हणजे प्रवासवृत्तांत.

ही दोन नावे आपल्या कानांना नवी नाहीत. जलशात, शाळेच्या गॅदरिंगमध्ये, सीरतच्या कार्यक्रमात ती अभिमानाने घेतली जातात. 'आमच्या इब्न बतूताने सारे जग पालथे घातले', 'आमच्या अल-बिरुनीने संस्कृत शिकून घेतले', एवढे म्हटले की टाळ्या पडतात आणि वक्ता पुढच्या नावाकडे वळतो. नाव मिरवले जाते, पुस्तक मात्र कपाटातच राहते. अभिजात ग्रंथाची याहून मोठी हेळसांड नाही, कारण हे ग्रंथ खरोखर उघडले तर ते आपल्या अभिमानाला सुखावतात तेवढेच टोचतातही.

गझनीतला वाचक

अल-बिरुनीचा जन्म ९७३ मधला, मध्य आशियातल्या ख्वारिझमचा. १०१७ मध्ये महमूद गझनवीने ख्वारिझम जिंकले आणि तिथल्या विद्वानांबरोबर अल-बिरुनीलाही गझनीला नेले. म्हणजे हिंदुस्थानशी त्याचा संबंध आला तो हौसेच्या सफरीमुळे नव्हे. एका विजेत्या सुलतानाच्या मागे फरफटत येऊन त्याने हा देश अभ्यासला. १०३० च्या सुमारास त्याने आपला ग्रंथ पुरा केला. त्यात ऐंशी प्रकरणे आहेत. ईश्वराची कल्पना, पुनर्जन्म, वर्णव्यवस्था, वजने-मापे, लिपी, कालगणना, नद्या, सण, तीर्थयात्रा, वारसाहक्क, असा हा पसारा आहे. एडुआर्ड साखाऊने १८८८ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले आणि तेव्हापासून तो आधुनिक वाचकांच्या हाती आला.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने या ग्रंथाची सुरुवातच फार मोलाची आहे. ऐकीव गोष्ट डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीची बरोबरी करू शकत नाही, हे सर्वमान्य तत्त्व अल-बिरुनी आधी मान्य करतो. पण तिथे थांबत नाही. डोळ्याला फक्त समोरचे आणि आत्ताचे दिसते, असे तो लगेच दाखवून देतो. जे होऊन गेले आणि जे दूर आहे, ते खबरीतूनच कळते, आणि खबरीच्या सर्व प्रकारांत लेखी खबर जवळजवळ सर्वांत श्रेष्ठ होय. लेखणीची स्मारके उरली नसती तर राष्ट्रांचे इतिहास आपल्याला कळले असते कसे, असे तो विचारतो. मात्र खबर देणारे खोटे बोलतात. कोणी स्वार्थापोटी, कोणी द्वेषापोटी, तर कोणी निव्वळ अज्ञानाने. म्हणून ग्रंथ वाचताना तो कोणी, कोणासाठी आणि का लिहिला हे तपासले पाहिजे. हजार वर्षांपूर्वी लिहिलेली ही प्रस्तावना आजही समीक्षेच्या कोणत्याही वर्गात पहिला पाठ म्हणून शिकवता येईल.

हे तत्त्व त्याने स्वतः पाळले. संस्कृत शिकणे किती कठीण गेले, ते तो लपवत नाही. ग्रंथ मिळवायला पैसा आणि श्रम खर्च केले, जाणकार पंडितांना दूरदूरहून बोलावून घेतले, असे तो सांगतो. सांख्याचा एक ग्रंथ आणि पतंजली त्याने अरबीत आणले. उलट बाजूने युक्लिडचे भूमितीशास्त्र संस्कृतात नेण्याचा उद्योगही त्याने मांडला होता. म्हणजे त्याने घेतले आणि देऊही केले. प्रत्येक प्रकरणात आधी हिंदूंचे म्हणणे त्यांच्याच ग्रंथांच्या आधारे मांडायचे, मग ग्रीकांशी, कधी सूफींशी त्याची तुलना करायची, अशी त्याची रीत आहे. आपला ग्रंथ वादविवादासाठी नाही, हे तो स्पष्ट करतो. सामान्य माणसाची मूर्तिपूजा आणि जाणत्याचा ईश्वरविचार यांत फरक करतो, आणि असा फरक प्रत्येक समाजात असतो हेही नोंदवायला विसरत नाही.

या ग्रंथात आपल्याला टोचणारी जागा कोणती? महमूदाच्या स्वाऱ्यांनी या देशाची भरभराट धुळीला मिळवली, लोक वाताहत होऊन पांगले, त्यांच्या मनात मुसलमानांबद्दल तीव्र तिटकारा रुजला आणि विद्या दूर काश्मीर-काशीकडे निघून गेली, असे अल-बिरुनीने लिहून ठेवले आहे. हे त्याने गझनीत राहून लिहिले. सुलतानाची कृपा-अवकृपा त्याने सोसली होती, तरीही लिहिले. 'आमचा अल-बिरुनी' म्हणणाऱ्याने हे वाक्य गिळून पुढे जाता कामा नये. आणि केवळ हे एक वाक्य उपटून ज्यांना शस्त्रासारखे वापरायचे असते, त्यांनीही उरलेली प्रकरणे वाचल्याशिवाय त्याच्या नावाची साक्ष काढू नये. दोन्ही बाजूंना सोयीचे तेवढेच उचलता येते, कारण दोन्ही बाजूंनी ग्रंथ वाचलेला नसतो.

आता या वाचकाची मर्यादा पाहू. पंजाब आणि त्याच्या आसपासचा प्रदेश सोडून आपण हिंदुस्थानात पुढे गेलो नाही, असे तो प्रामाणिकपणे सांगतो. बाकीचा देश त्याला पुस्तकांतून आणि माणसांकडून कळला. त्यात आपला मुलूखही आहे. धारहून दक्षिणेकडे निघाले की मरहट्ट देश लागतो आणि पुढे कोकण, ज्याची राजधानी समुद्रकाठचे ठाणे, अशी वाट तो फरसखांच्या हिशेबाने मोजून देतो. दहाशे तीस साली गझनीत बसलेला एक विद्वान ठाण्याचे नाव लिहितो, हे वाचून मन हरखते. पण त्याच प्रकरणात कोकणच्या माळावर राहणाऱ्या एका प्राण्याचेही वर्णन येते. त्याला चार पाय खाली आणि पाठीवर वरच्या बाजूला पुन्हा चार पायांसारखे काहीतरी. त्याचे नाव शरभ. हा शरभ आपल्या ओळखीचा आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी किल्ल्यांच्या दरवाजांवर तो कोरलेला आहे. पाषाणात आणि पुराणात राहणारा हा प्राणी अल-बिरुनीच्या पुस्तकात कोकणच्या रानात हिंडू लागला! एवढा चिकित्सक माणूस, पण जिथे डोळा पोचला नाही तिथे ग्रंथाने त्यालाही चकवले. एकदा कोकणात उतरून त्याने कोणा गुराख्याला विचारले असते, तर हा प्राणी पुस्तकातून नाहीसा झाला असता.

टँजियरचा मुसाफिर

इब्न बतूता याच्या अगदी उलट. जन्म १३०४, मोरोक्कोतल्या टँजियरचा. १३२५ मध्ये एकविसाव्या वर्षी तो हजसाठी घराबाहेर पडला आणि मायदेशी परतला तो १३४९ मध्ये. मिसर, शाम, हिजाज, इराक, येमेन, पूर्व आफ्रिकेचा किनारा, अनातोलिया, मध्य आशिया असे करीत १३३३ मध्ये तो सिंधू नदीवर पोचला. दिल्लीत मुहम्मद बिन तुघलकाने त्याला काझी नेमले. त्याला फारसी नीट येत नव्हती, शिवाय तो मालिकी पंथाचा आणि शहर हनफींचे. म्हणून मदतीला दोन नायब दिले गेले. पगार घसघशीत होता आणि कर्ज त्याहून घसघशीत. पुढे सुलतानाने त्याला चीनच्या बादशहाकडे वकील म्हणून रवाना केले, आणि त्या वाटेवर १३४२ च्या सुमारास तो आपल्या मुलखातून गेला.

अल-बिरुनीला विचारांत रस आहे, बतूताला माणसांत. कोणी काय खाल्ले, कोणता पोशाख नजर केला, कोणत्या खानकाहीत कसा पाहुणचार झाला, कोणत्या बंदरात कोणती फळे मिळतात, हे त्याला अचूक आठवते. दौलताबादेत द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात, असे तो नोंदवतो. मरहट्ट स्त्रियांच्या रूपाची, विशेषतः नाकाची आणि भुवयांची, तो तारीफ करतो. नंदुरबारचे लोक हुन्नरी आहेत, त्यांत वैद्य आणि ज्योतिषी आहेत. भात, भाजी आणि तिळाचे तेल हा त्यांचा आहार. जेवणापूर्वी ते अंघोळ करतात, मद्य पीत नाहीत आणि सात पिढ्यांच्या आत सोयरीक करीत नाहीत, ही त्याची टिपणे आहेत. खानदेशच्या खाण्यापिण्याची चौदाव्या शतकातली अशी नोंद एका मोरोक्कन काझीने करून ठेवावी, हा योग लहान नाही.

आणि किनाऱ्यावरचे होनावर! तिथे मुलींच्या तेरा शाळा आणि मुलांच्या तेवीस शाळा आपण पाहिल्या आणि तिथल्या बायकांना कुरआन तोंडपाठ आहे, असे तो लिहितो. दुसरीकडे कुठे असे पाहिले नाही, अशी जोडही देतो. मुलींनी शिकावे की नाही यावर आपल्या मोहल्ल्यांत ज्या काळात वाद झडले, त्या काळात ही दोन ओळींची नोंद कोणी पुढे केली असती, तर बरेच व्याख्यान वाचले असते.

परंतु बतूताकडेही भाबडेपणाने पाहता येणार नाही. त्याच्या पानापानांवर गुलाम आणि दासी आहेत. त्या तो विकत घेतो, नजराणा म्हणून स्वीकारतो, भेट म्हणून देतो. त्याबद्दल त्याच्या मनात एकही प्रश्न उठत नाही. मालदीव बेटांत काझी असताना बायकांनी अंगभर कपडे घालावेत म्हणून त्याने हुकूम काढले आणि ते कोणी ऐकले नाहीत, हे त्याने स्वतःच सांगितले आहे. जग हिंडूनही माणूस आपला काळ अंगावरून उतरवून ठेवू शकत नाही, हेच यातून दिसते. प्रवासाने दृष्टी रुंदावते असे आपण म्हणतो. ती किती रुंदावते याला हद्द असते, आणि ती हद्द बतूताच्या पुस्तकात जागोजाग दिसते.

पाहिलेले, ऐकलेले, उतरवलेले

'रिहला' वाचताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. हा ग्रंथ बतूताने स्वतः लिहिलेला नाही. परतल्यावर फेजच्या सुलतानाच्या हुकमावरून त्याने तो सांगितला आणि इब्न जुझय्य नावाच्या अंदलुसी विद्वानाने १३५५-५६ मध्ये तो लिहून काढला. तोवर वीस-पंचवीस वर्षे उलटली होती. समुद्रावर लुटारूंनी त्याला नागवले, त्यात बुखाऱ्याच्या कबरींवरून उतरवून घेतलेले लेखही गेले, असे तो सांगतो. उरली ती स्मरणशक्ती.

स्मृती जिथे अपुरी पडली तिथे इब्न जुझय्यने ग्रंथांचा आधार घेतला. त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधी, ११८३ ते ११८५ या काळात, इब्न जुबैर नावाचा दुसरा एक अंदलुसी मुसाफिर हजला जाऊन आला होता. मक्केत तो आठ महिने राहिला आणि जे पाहिले ते बारकाईने लिहीत गेला. मक्का, मदिना, दमास्कस यांची बतूताच्या पुस्तकातली बरीचशी वर्णने या इब्न जुबैरकडून घेतलेली आहेत, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. जगातला सर्वांत प्रसिद्ध मुसाफिर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या शहराचे वर्णन दुसऱ्याच्या पुस्तकातून देतो! याला आज आपण वाङ्मयचौर्य म्हणू. त्या काळची रीत निराळी होती. पण आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर इथेच आहे. पाहणे आणि वाचणे हे दोन वेगळे रस्ते वाटतात, प्रत्यक्षात पाहणाऱ्याच्या डोळ्यामागे आधी वाचलेले पुस्तक उभे असते.

म्हणून या ग्रंथाचे तीन थर वेगळे करून वाचावे लागतात : पाहिलेले, ऐकलेले आणि दुसरीकडून उतरवलेले. हा भेद केला नाही तर काय होते, याचे ठळक उदाहरण म्हणजे राजधानी बदलण्याची गोष्ट. सुलतानाच्या हुकमाने दिल्ली ओस पडली. शोध घेतला तेव्हा एक पांगळा आणि एक आंधळा सापडला. पांगळ्याला यंत्रातून भिरकावले, आंधळ्याला दौलताबादपर्यंत फरफटत नेले आणि शेवटी त्याचा नुसता पाय पोचला. ही कथा आपण सर्वांनी कुठे ना कुठे वाचली आहे. 'वेडा महंमद' हे नाव आणि 'तुघलकी कारभार' हा वाक्प्रचार मराठीत रुळला, त्यामागे अशा कथा आहेत. तिचा एक मुख्य आधार इब्न बतूता. पण दौलताबादला जाण्याचा हुकूम १३२७ च्या सुमाराचा. बतूता सिंधूवर आला १३३३ मध्ये. म्हणजे ही गोष्ट त्याने पाहिलेली नाही, दिल्लीच्या लोकांकडून ऐकलेली आहे. त्याने ती ऐकीव म्हणूनच सांगितली; आपण तिला प्रत्यक्षदर्शी साक्षीचा दर्जा दिला. तुघलक क्रूर नव्हता असा याचा अर्थ मुळीच नाही. त्याने दिलेल्या भयानक शिक्षा बतूताने दिल्लीत डोळ्यांनी पाहिल्या आणि त्यांचे वर्णनही केले आहे. पण पाहिलेल्या क्रौर्याला ऐकलेल्या कथेचे ठिगळ लावण्याची गरज नसते. इतिहासाचा न्याय व्हायचा तर दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत.

याची दुसरी बाजूही आहे. बतूता परतला तेव्हा त्याच्याच देशात लोक त्याला खोटारडा म्हणू लागले. दिल्लीच्या सुलतानाच्या औदार्याच्या गोष्टी कोणाला पटेनात. इब्न खल्दूनने आपल्या 'मुकद्दमा'त हा किस्सा नोंदवला आहे. त्यालाही शंका होती. ती त्याने एका वजिराला बोलून दाखवली. वजिराने उत्तरादाखल एक दृष्टांत दिला. कैदेत पडलेल्या एका मंत्र्याचा मुलगा तुरुंगातच लहानाचा मोठा झाला. जेवणात आलेले मांस कशाचे, असे त्याने विचारले. बाप म्हणाला, मेंढीचे. मेंढी म्हणजे काय, हे बापाने परोपरीने समजावून सांगितले, तरी मुलाचा प्रश्न एकच : म्हणजे ती उंदरासारखी असते का? कारण तुरुंगात त्याने उंदराशिवाय दुसरा प्राणी पाहिलेलाच नव्हता.

इब्न खल्दूनने यावरून घेतलेला धडा मोठा समतोल आहे. जे आपल्या अनुभवात नाही ते केवळ तेवढ्यासाठी खोटे ठरवू नये. आणि नवलाचे आहे म्हणून खरेही मानू नये. गोष्टीच्या स्वभावात ती शक्य आहे की नाही, हे अकलेने पारखावे. अल-बिरुनीने वाचकाला दिलेला सल्ला आणि इब्न खल्दूनने श्रोत्याला दिलेला सल्ला एकाच ठिकाणी येऊन मिळतात.

दौलताबादच्या पायथ्याशी

उंदरांचाच विषय निघाला आहे म्हणून सांगायचे. दौलताबादच्या किल्ल्यातल्या तळघराच्या कैदेत मांजराहून मोठे उंदीर असतात, मांजरे त्यांना भिऊन पळतात आणि आपण ते स्वतः पाहिले, असे बतूता लिहितो. तिथे कैद भोगलेल्या एका अफगाण सरदाराने रात्रभर उंदरांशी झुंजावे कसे लागले, ते त्याला सांगितले होते. आज शाळांच्या सहली येतात, मुले अंधारी चढतात, वटवाघळे पाहून किंचाळतात आणि मेंढा तोफेपाशी फोटो काढतात. खाली चाँद मिनार उभा असतो. तो बहमनी काळातला. बतूता येऊन गेला त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी उभा राहिलेला. म्हणजे आपण पाहतो त्यातले बरेच त्याने पाहिले नाही, आणि त्याने पाहिले त्यातले सर्वांत महत्त्वाचे आपल्याला दिसत नाही.

ते म्हणजे तरबाबाद. गाणाऱ्या-बजावणाऱ्यांची ती पेठ होती. प्रत्येक दुकानाला मागे घरात उघडणारे दार, दुकानात गालिचे, मध्ये झुलता पलंग आणि त्यावर नटूनथटून बसलेली गायिका. पेठेच्या मधोमध मोठा घुमट. दर गुरुवारी असरच्या नमाजनंतर कलावंतांचा मुखिया तिथे बसे आणि मगरिबपर्यंत गाणे चाले. आणि याच पेठेत मशिदी होत्या, जिथे रमजानमध्ये इमाम तरावीह पढवीत. बतूताने हे सारे एका दमात सांगितले आहे. त्यात त्याला विसंगती दिसली नाही. तो काझी होता, शरीयतचा जाणकार होता, मालदीवात कपड्यांवरून हुकूम काढणारा होता. तरी इथे त्याने नाक मुरडल्याचे दिसत नाही. संगीत आणि इबादत यांचा दख्खनमध्ये शेजार कसा होता, याचा हा दाखला कोणत्याही वादात एका बाजूचा विजय म्हणून फेकायचा नाही. आपल्या मुलखातल्या मुसलमानी जीवनाचा पोत आपण समजतो त्याहून अधिक गुंतागुंतीचा होता, एवढे त्यावरून समजून घ्यायचे आहे.

तरबाबादचा एक दगडही पर्यटकाला दाखवला जात नाही. ते आता फक्त पुस्तकात आहे. पुस्तक न वाचता गेलेल्या माणसाला दौलताबाद म्हणजे चढण, घाम आणि देखावा. ते वाचून गेलेला माणूस मोकळ्या मैदानाकडे पाहून विचारात पडतो, की ती पेठ कुठे असेल. आणि शरभ? तो मात्र दरवाजावर भेटतो. कारण अल-बिरुनीच्या पुस्तकातला प्राणी शोधायला किल्ल्यापर्यंतच यावे लागते. पुस्तक आणि सहल एकमेकांची चूक दुरुस्त करतात, ती अशी.

आपल्या लेखनापुरते

आता थोडे आपल्या लेखनाविषयी. १९९० नंतर मुस्लिम मराठी साहित्याने जो आवाज मिळवला, तो मुख्यतः कविता, कथा, आत्मकथन आणि वैचारिक लेख यांतून. आपण कोण आहोत, हे सांगणे निकडीचे होते आणि ते आपण सांगितले. प्रवासवर्णनाकडे मात्र पुरेसे लक्ष गेले नाही. हज-उमराहून परतलेले लोक आठवणी लिहितात, त्यांत भक्ती असते आणि ती खरी असते. पण बसमधून उहुद आणि कुबाची जियारत अर्ध्या दिवसात उरकते आणि लेखातही ती त्याच वेगाने उरकते. शेजारच्या तंबूतला नायजेरियन हाजी कोण होता, रस्ता झाडणारा बंगाली मजूर काय म्हणाला, हे त्यात येत नाही. इब्न जुबैर आठ महिने राहिला, त्याला सवड होती, हे मान्य. पण प्रश्न सवडीपेक्षा कुतूहलाचा आहे.

मराठीतही उत्तम नमुने आहेत. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि १८५७ च्या वणव्यात सापडले. झाशीचा वेढा त्यांनी आत राहून पाहिला. अनेक वर्षांनी आठवणीवरून लिहिलेला त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ मध्ये छापून आला. धर्मकार्यासाठी निघालेला आणि इतिहासाच्या तोंडी सापडलेला हा भिक्षुक आणि टँजियरचा काझी यांची जोडी कोणी तरी लावून पाहिली पाहिजे. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये अमेरिकेवर पुस्तक लिहिले ते तिथली लोकस्थिती समजून घेण्यासाठी. प्रेक्षणीय स्थळांचे त्यांना फारसे अप्रूप नव्हते. आणि आपल्याच किनाऱ्यावर पाहा. मुंबईच्या अतिया फैजी १९०६ मध्ये शिक्षणासाठी लंडनला गेल्या. त्यांची रोजनिशी आधी लाहोरच्या 'तहजीबे निस्वाँ' या स्त्रियांच्या पत्रातून आणि १९२१ मध्ये 'जमाना-ए-तहसील' या नावाने पुस्तकरूपाने आली. त्यांची बहीण, जंजिऱ्याची बेगम नाझली, हिनेही युरोपच्या प्रवासावर 'सैरे यूरप' लिहिले. मुरूडला जाणारे हजारो पर्यटक होडीतून जंजिरा पाहून येतात. त्या संस्थानातल्या एका बाईने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आपल्या नजरेने युरोप पाहून तो उर्दूत लिहून ठेवला, हे त्यांच्या गावीही नसते. त्यांच्याच का, आपल्याही गावी नसते.

यातून करण्यासारखे काम उघड आहे. इब्न बतूताची दख्खन आणि कोकण किनाऱ्यावरची पाने, अल-बिरुनीची निवडक प्रकरणे आणि या फैजी भगिनींची पुस्तके मूळ अरबी-उर्दूवरून, सटीप, स्वच्छ मराठीत आली पाहिजेत. टिपा अशा हव्यात की पाहिलेले कोणते, ऐकीव कोणते आणि दुसऱ्याचे उतरवलेले कोणते, हे वाचकाला पानोपानी कळावे. आणि त्या टिपा दौलताबादला, नंदुरबारला, होनावरला जाऊन, तिथल्या माणसांना विचारून लिहिलेल्या हव्यात.

हे एकट्याचे काम नाही. ज्याला अरबी येते त्याचे मराठी बहुधा कच्चे असते, आणि मराठीच्या प्राध्यापकाला अरबीची अक्षरेही ओळखत नाहीत. मोहल्ल्यातला आलिम आणि कॉलेजातला मराठीचा शिक्षक एकाच गावात राहतात. पुष्कळदा एकाच रांगेत नमाज पढतात, किंवा एकाच बसस्टँडवर उभे असतात. त्यांची बैठक मात्र होत नाही. अल-बिरुनीने दूरदूरच्या पंडितांना पदरमोड करून बोलावून आणले होते. आपला पंडित तर गल्लीच्या दुसऱ्या टोकाला आहे. आर्येतल्या चार मार्गांपैकी दोन, देशाटन आणि ग्रंथवाचन, ज्याचे त्याला एकट्याला करता येतात. उरलेले दोन, विद्वानांची मैत्री आणि सभेतला वावर, यांना दुसरा माणूस लागतो. आपले काम अडले आहे ते तिथे.